अर्धं बी

आमच्या बदलापूरच्या घरात राख नव्हती, आणि आईला त्याचं फार वाईट वाटायचं. राख नाही म्हणून हळहळणारी बाई मी नंतर कुठे पाहिली नाही, त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर माझी काही हरकत नाही. पण गावाकडे आमची चूल दिवसभर धगधगत असायची आणि तिच्या राखेशिवाय आईचं एक काम होत नसे. भांडी राखेने, दात राखेने, बियाणं ठेवायचं तेही राखेत घोळून. परड्यातल्या वेलांवर सकाळी दव असताना ती मूठभर राख अशी काही भुरभुरायची की पानापानावर पातळ साय धरल्यासारखी दिसायची. मग त्या वेलाला किडा शिवत नसे. हेंद्रेपाड्यातल्या चाळीत आलो तर स्वयंपाकाला रॉकेलचा स्टोव्ह. तो फरफर आवाज करायचा, भांड्यांची बुडं काळी करायचा आणि मागे काही ठेवायचा नाही. "ह्यो कसला इस्तू," आई म्हणायची, "जळतोय आन् मागं काय बी ऱ्हात न्हाई."

आबा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात कामाला होते. आधी काही वर्षं ते एकटेच राहिले, चार जणांत एक खोली करून. मग ही खोली मिळाली तेव्हा त्यांनी आम्हाला गावाहून आणलं. मागे ओट्यापलीकडे बैलगाडी उभी राहील एवढी मोकळी जागा होती आणि तिच्या कडेला कुडाचं कुंपण. कुंपणापलीकडे चाळीच्या मालकीण बामाआजींचं घर. त्या इथल्याच, पिढ्यान् पिढ्या भातशेती करणाऱ्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळावर मोठं गोंदण, आणि आवाज असा की म्हशीला हाक मारली तर आमचा स्टोव्ह दचकावा. त्यांच्या अंगणात सुपातून सुकट वाळत असे. तो वास आला की आई पदर नाकाला लावायची, आणि आजी ते बघून मुद्दाम सूप आणखी अलीकडे सरकवायच्या. "काय गो घाटावरचे, नाक धरून किती दिस जगशील?"

आई वाईट नव्हती आणि आजीही वाईट नव्हत्या. पण आई त्या वर्षी कोणाशीच धड बोलत नव्हती. शेतात वाढलेली, दिवसभर हात चालवायची सवय असलेली बाई एका खोलीत बसवली तर तिने करावं काय? खोली झाडून व्हायची, भाकऱ्या थापून व्हायच्या, की मग ती दारात बसून समोरच्या रस्त्याकडे बघत राही. रिक्षा यायची, पाळीवरून सुटलेली माणसं उतरायची, त्यांच्या अंगाला त्या कारखान्यांचा आंबूस वास. आबांच्या बनियनला तर तो धुऊनही जात नसे. आई म्हणायची, "हितल्या मानसाला मानसाचा वास न्हाई." जेवताना तिचा घास अर्ध्यावर थांबे. आबा ते बघायचे आणि खाली मान घालून जेवायचे.

संक्रांतीच्या सुमाराला आबांनी एकदा तिला समोर बसवून सांगितलं, "एवढा उन्हाळा काढ. मागल्या जागेत काय लावायचं ते लाव, मी मालकिणीला विचारलंय. नाहीच लागलं मन, तर नंदीची परीक्षा झाल्यावर शिरपतीला बोलवून घेऊ. तू आन् पोर गावी जावा. मी जेवीन खानावळीत."

नंदी म्हणजे मी. शिरपती माझा मामा. मी तेव्हा आठवीत होते आणि आबांनी जे बोलून दाखवलं नाही ते मला नीट कळलं होतं. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा तालुक्याला, आणि तालुक्याला आमच्यातल्या मुली जात नसत. मामा तर मागच्याच वर्षी म्हणाला होता, "सातवी झाली न्हवं, बास की. आता सैपाक शिकव तिला." म्हणजे आईचं मन बदलापुरात लागलं तर मी नववीत, नाही लागलं तर मी चुलीपुढे. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या बैलगाडीएवढ्या जागेत काय उगवतं त्यावर येऊन थांबलं होतं. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे. हे मी कुठेही सांगते आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. पण माझं कॉलेज सुरू कुठून झालं असं कोणी विचारलं, तर मी त्या कुडाच्या कुंपणाकडे बोट दाखवीन.

शिवरात्र झाली आणि आईने ट्रंकेतून पुरचुंडी काढली. जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं बी: भोपळा, दोडका, काकडी, भेंडी, गवार. तिच्या आईच्या परड्यातलं, दरवर्षी त्यातलंच धरून पुढे आलेलं. ती मांडी घालून बसली, प्रत्येक जातीचं बी ताटात ओतलं आणि बोटाने मधोमध रेघ ओढून दोन वाटे केले. एक पेरायचा, एक परत बांधून ठेवायचा. गावाकडे सगळे असंच करत. सगळं बी एकदम मातीत घालायचं नाही. पाऊस दगा देतो, पाखरं येतात, काहीही होतं. मी कितीतरी वेळा ते वाटे पाहिले होते. पण त्या दिवशी तिने मागे ठेवलेला वाटा बांधला, पुरचुंडी ट्रंकेच्या कडीला अडकवली आणि म्हणाली, "हे गावचं. पावसाळ्यात परड्यात लावायला." तिने जायचं अर्धं ठरवलंच होतं.

तरी एकदा माती हातात आल्यावर तिला राहवेना. जागा मुरमाड होती, वर भाताच्या पेंढ्याचा जुना कुजका थर. तिने गावाहून आणलेल्या खुरप्याने ती सगळी उकरली, दगड वेचून कुंपणाशी रचले. बामाआजींच्या गोठ्यातलं शेणखत मी घमेल्याने आणलं. आजी कुंपणावर हात ठेवून बघत होत्या. "भाताची जमीन हाय ती. तिच्यात भेंडा लावतंस?" आई न बघता म्हणाली, "भात तुमी लावा, मी भेंडी लावती." मला वाटतं दोघींचं ते पहिलं सरळ बोलणं. भोपळ्याचं आणि दोडक्याचं बी आईने ओल्या फडक्यात बांधून स्टोव्हजवळच्या उबेला ठेवलं, आणि कोंब फुटल्यावर एकेक बी निमुळतं टोक खाली करून असं उभं लावलं जसं लहान पोराला पाटावर बसवावं. पाणी घालायचं काम माझं. आजींच्या विहिरीचं पाणी, आणि वनस्पती तुपाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली माझी झारी. धारेने पाणी पडलं की आई ओरडायची, "अगं, न्हाऊ घालतीस का पाजतीस?"

एका सकाळी तिने मला गदागदा हलवून उठवलं. "नंदे, ऊठ, आल्यात बघ." मी डोळे चोळत मागे गेले. मातीला भेगा पडल्या होत्या आणि भोपळ्याची रोपं बियांची टरफलं डोक्यावर तशीच ठेवून वर आली होती, टोप्या घालून शाळेत निघाल्यासारखी. गवारीची माना वाकवून, भेंडीची ताठ. आई उकिडवी बसून एकेकाच्या डोक्यावरची टोपी नखाने अलगद काढत होती. मी इतक्या महिन्यांत तिचे दात पाहिले नव्हते, ते त्या दिवशी दिसले. आंबा मोहरला होता, लांबून भारद्वाज घुमत होता, आणि स्टोव्हवरच्या भाकरीचा वास मागपर्यंत येत होता. त्या दिवशी तिने शेंगदाण्याच्या चटणीत लसूण सढळ हाताने घातला. जेवताना तिने घास अर्ध्यावर थांबवला नाही. आबांनी ते बघितलं आणि मीही बघितलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

दोन-दोन पानं झाली तशी आईची जुनी तक्रार सुरू झाली. "आता राख असती जरा." ती कोणाला सांगत नव्हती, पण आबांच्या कानावर ते रोज पडत होतं. बामाआजींकडे चूल होती, पण त्यांच्याकडे मागायचं तिच्या मनातही येत नसे.

माझे वडील बोलके नव्हते. न मागता काही आणून द्यायची त्यांना सवय नव्हती. सणाला साडी आणली तरी ती पिशवी कोपऱ्यात ठेवून तोंड धुवायला जात. पण त्या आठवड्यात एका दुपारी पाळी सुटल्यावर ते रिक्षातून उतरले ते खांद्यावर पोतं घेऊन. सोबतचे कामगार रिक्षातूनच ओरडत होते, "क्या रे, सोना मिला क्या?" आणि रिक्षावाला सीट झटकत शिव्या घालत होता. आबांचा चेहरा, मान, भुवया सगळं करडं झालं होतं. त्यांनी पोतं मागच्या ओट्यावर उतरवलं, तोंड उघडलं आणि आईला म्हणाले, "घे. राख."

कारखान्याच्या बॉयलरमागची ती राख होती. कोळशाची. तिथे डोंगर पडलेला असायचा, फुकट. वॉचमनला सांगून त्यांनी ते पोतं भरून घेतलं होतं. आई त्या पोत्याकडे बघतच राहिली. मग हसली, पदराने त्यांच्या भुवया पुसायला गेली, माझ्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, "आंगूळ करा आधी. भुतावानी दिसताय." आजही मला वाटतं, माझ्या आईवडिलांच्या संसारातला सगळ्यात गोड क्षण मी पाहिला असेन तर तो तोच. लोक फुलं देतात म्हणे.

आईने हात राखला नाही. दुसऱ्या सकाळी तिने पानांवर भुरभुरली, बुडाशी घातली, आळ्यांमध्ये खुरप्याने मिसळली. राख ती राख. तिला आणि आबांना, दोघांनाही राख म्हणजे चुलीतली बाभळीची आणि शेणकुटाची राख एवढंच ठाऊक. शेतातनं उठून कारखान्यात आलेली माणसंच असली चूक करू शकतात. शेतातल्या माणसाला बॉयलर दिसत नाही आणि कारखान्यातल्या माणसाला वाफा.

रोपांच्या पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या. मग पानं आत वळली. भेंडी उभ्याउभ्या वाळली, काकडी मातीवर लोळली. आईने पाणी वाढवलं, आडोशाला जुनी चादर बांधली, सकाळ-संध्याकाळ जाऊन बसली. गुढीपाडव्याच्या आधीच आमच्या मागच्या जागेत तपकिरी काड्या तेवढ्या उरल्या होत्या. आई कुंपणाशी उभी राहिली आणि मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल असं म्हणाली, "मातीच वंगाळ. हिच्यात काय बी यायचं न्हाई."

बामाआजी म्हशीची धार काढत होत्या. त्या तांब्या हातात घेऊनच उठल्या. "माझे मातीला नाव ठेवतंस? माझे सासऱ्यानं घाम गाळलाय तिच्यात. इकरं बग, माझा पडवळ बग कसा लोंबतो! तुझे हातात नाय तर माती काय करील?" आई आत गेली. त्यानंतर आजींनी आमच्याशी बोलणं टाकलं. सुकटीचं सूपही त्यांनी पलीकडच्या टोकाला नेलं. वास येईना, आणि मला ते जास्त लागलं.

गावाकडचा एक माणूस सुट्टीला निघाला होता, त्याच्याबरोबर मामाला निरोप गेला. मी परीक्षा देत होते. इतिहासाचा पेपर लिहिताना मी विचार करत होते की हे पाठ करून काय उपयोग. तरी लिहिलं. मला अर्धवट टाकता येत नाही, हा माझा स्वभाव.

शेवटचा पेपर देऊन आले त्या दुपारी मी मागच्या मोरीवर हातपाय धुवायला गेले. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडून कुंपणाकडे वाहत जायचं. तिथे दगडांच्या ढिगाला लागून एक भोपळ्याचा वेल होता. पेरलेला नव्हे, पाण्याबरोबर कधी बी वाहत गेलं असेल. तळहाताएवढी हिरवीगार पानं, आणि एक तणावा दगडाला धरून वर निघालेला. मी आईला हाक मारली.

ती आली, उकिडवी बसली. वेलाचं पान उलटं करून बघितलं. बुडाशी बोट घालून माती काढली, चुरली. मग उठून वाफ्यात गेली, तिथली करडी माती चिमटीत घेतली, जिभेला लावली आणि थुंकली. "खारट," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा वेलाकडे आली. तिथे राख पडलीच नव्हती. पडायचं कारण नव्हतं, तो वाफा नव्हता. माती दोन्हीकडे तीच होती. मला जे दिसत होतं तेच तिला दिसत होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बोलू नगंस कुनाला." आणि आत जाऊन ट्रंक भरायला लागली.

ती संध्याकाळ मी विसरले नाही. ती एकेक लुगडं घडी घालून ठेवत होती आणि मी दाराशी बसून बघत होते. तिला फक्त गप्प बसायचं होतं. मातीच वाईट, असं ठरलं की तिच्यावर बोल नाही, आबांवर बोल नाही, आणि गाव परत. इतके महिने जे मागत होती ते हातात आलं होतं, आणि मध्ये होता तो एक मोरीकडचा वेल. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मी सांगितलं असतं तर ते माझ्या शाळेसाठी झालं असतं, आणि आबा आईला सोडून माझं कधीच ऐकत नसत. सांगायचं तर तिनेच.

दुसऱ्या दिवशी मामा आला. धोतर, डोक्याला मुंडासं, हातात पिशवी, पिशवीत भाजलेले हुलगे आणि आईसाठी खण. आबांची सकाळपाळी होती, ते दुपारी आले. चहा झाला. सगळे मागच्या ओट्यावर सावलीला बसले. मामाने वाकून वाफ्यातली मूठभर माती उचलली, बोटांतून सोडली आणि जरा मोठ्यानेच म्हणाला, "ही काय माती म्हनायची, दाजी? आमच्याकडं ह्यानं भिंत बी लिंपत न्हाईत."

कुंपणापलीकडे बामाआजी गोवऱ्या थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

आबा चहाच्या रिकाम्या बशीकडे बघत म्हणाले, "मी शब्द दिलाय तिला. तिचं मन न्हाई, तर न्या. पोरीचं... बघू पुढचं पुढं."

"पोरीचं काय बघायचं? हाय की आमी," मामा म्हणाला. "चल इंदे, आवर. संध्याकाळच्या गाडीनं निघू."

आई उंबऱ्यात उभी होती. पदर खोचलेला, ट्रंक मागे भिंतीशी कुलूप घालून तयार. ती ओट्यावर आली, पायऱ्या उतरली आणि सरळ कुंपणाशी जाऊन उभी राहिली. आमच्याकडे पाठ करून ती बामाआजींना म्हणाली, "मावशी, तुमची माती चांगली हाय. म्या खोटं बोलले."

आजी बघतच राहिल्या. मामा म्हणाला, "आता गं हे काय?"

आई वळली. "रोपं राखंनं जळली. मोरीकडं वेल आलाय बघा, त्याला राख न्हाई लागली."

"कुठली राख?" मामाने विचारलं.

आबांनी बशी खाली ठेवली. "मी आनलेली?"

"व्हय. तुमी आनलेली."

आबा उठून मोरीकडे गेले, त्यांनी वेल बघितला, परत आले आणि वाफ्याशी उभे राहिले. करड्या मातीत त्यांच्या चपलेचा ठसा उमटला होता, त्याकडे बघत राहिले. "तिथं काय काय झाडून टाकत्यात कुनाला ठावं," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं राख म्हंजी राख."

"मला बी तसंच वाटलं की," आई म्हणाली. "तुमी आनली, म्या घातली. दोगांनी मिळून जाळलं."

आणि आबा हसले. आधी आबा, मग आई, आणि मग कुंपणापलीकडून बामाआजींचा तो म्हशीला हाक मारायचा आवाज हसायला लागला. "आगो बाय! नवऱ्यानं आनला म्हनून इख पन घालशील काय गो झाडाला?"

मामाला काही कळेना. तो म्हणाला, "बरं, झालं गेलं. पर गाडीचं काय?"

आई आत गेली. ट्रंकेच्या कडीची पुरचुंडी तिने सोडून आणली, ओट्यावर बसली आणि गाठ उकलली. गावचं अर्धं बी. "दादा," ती मामाला म्हणाली, "तू आज ऱ्हा. उद्या ह्यास्नी सुट्टी हाय. दोघं मिळून माती काढा. मग जा."

"आन् तू?"

"मी भेंडी लावती."

पुढच्या दिवशी मामा आणि आबांनी वीतभर करडी माती खरवडून घमेल्यांनी लांब टाकून दिली. मामा कुरकुरत होता, पण एकदा फावडं हातात आल्यावर तोही रंगात आला. आबांनी उल्हास नदीच्या काठचा गाळ सायकलच्या दोन्ही बाजूंना पोती बांधून आणला, कितीतरी खेपा. ते दमले की आई म्हणायची, "ह्याला बी चाखून बघू का?" आबा निमूटपणे पुढच्या खेपेला निघत. मामा संध्याकाळच्या गाडीने गेला, खण तेवढा ठेवून. आई पेरत असताना बामाआजी कुंपणाची फट वाकवून आल्या. ओंजळीत त्यांचं स्वतःचं बी होतं, पडवळाचं आणि शिराळ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या दोडक्याचंच. त्यांनी आईला उभं केलं, पदर पसरायला लावला आणि ते बी तिच्या ओटीत घातलं, नारळाशिवाय, तांदळाशिवाय. "आईनं घातलं म्हन," म्हणाल्या. आईचे डोळे भरले, पण ती म्हणाली ते हे, "सुकट वाळवायला परत अलीकडं ठिवा. आता सवय झालीया नाकाला."

पेरणी उशिरा झाली होती, उन्हाचा ताव होता. तरी आलं. सगळं नाही, गवार थोडी गेली, काकडीवर रोग पडला. पण मे महिन्यात आमच्या कुंपणावर एका बाजूने आईचा दोडका चढला आणि दुसऱ्या बाजूने आजींचं शिराळं, आणि वर जाऊन दोघांनी एकमेकांना असे विळखे घातले की तोडताना कोणाचं कोणतं ते कळेना. आई भेंडी चिरून लोखंडी तव्यावर लसूण-मिरचीत परतायची, तिचा चर्र आवाज मला गल्लीच्या टोकाला ओळखू यायचा. मोरीकडच्या वेलाला इतके भोपळे लागले की चाळीतल्या प्रत्येक घरी फोड गेली. आणि पावसाळ्याच्या तोंडाला एकदा आईने बामाआजींकडून मूठभर सुका जवळा मागून आणला, शिराळ्यात घातला आणि आबांच्या ताटात वाढून म्हणाली, "इचारू नका, खावा."

मी नववीत गेले. मग दहावी, मग उल्हासनगरच्या कॉलेजात. डब्यात त्या कुंपणावरची भाजी. माझ्या शेजारी बसणारी सिंधी मैत्रीण तिची कोकी, कांदा घातलेली जाड पोळी, मला द्यायची आणि माझा भोपळा स्वतः संपवायची. "तुम्हारी मम्मी क्या डालती है इसमें?" मी म्हणायची, नदी.

बरीच वर्षं माझी खात्री होती की आई त्या दुपारी बोलली ती माझ्यासाठी. मी तशी भाषणंही केली आहेत, शाळेत शिक्षिका असताना, मुलींसमोर. निवृत्तीच्या आसपास एकदा मी तिला विचारलंच. ती तेव्हा थकली होती, पण डोकं लख्ख. म्हणाली, "तुजी साळा व्हती की मनात. पर खरं सांगू? म्हातारीच्या मातीला खोटं नाव ठिवून गेले असते, तर गावाकडं तरी कंच्या तोंडानं बी लावलं असतं?" मला आधी जरा लागलं. मग वाटलं, बरं झालं माझ्यासाठी नव्हतं. नाहीतर जन्मभर त्याचं ओझं वाहिलं असतं. असं उपकाराशिवाय मिळालेलं शिक्षण किती जणींच्या वाट्याला येतं?

त्याच्या कितीतरी आधी, माझा पदवीचा निकाल लागला तेव्हा, मामा पेढे खायला आला होता. तोवर त्याच्या डोक्याला टोपी आली होती आणि परड्यात बाजारचं पाकिटातलं बियाणं. वेल चांगले येतात, म्हणाला, पण त्यातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर फळच धरत नाही. जुनं बी संपलं. कोणी धरलंच नाही. जेवताना भोपळ्याची फोड हातात धरून तो जरा वेळ बघत राहिला. "इंदे, हे आईच्या परड्यातलं न्हवं गं?"

आई उठली. फळीवरचा डबा काढला, ताटात बी ओतलं आणि बोटाने मधोमध रेघ ओढली. त्या घरात आता राख नव्हती म्हणून कोणाला वाईट वाटत नव्हतं. ते बी ती हळदीत घोळून ठेवायची. अर्धं तिने चिंधीत बांधून मामाच्या पिशवीत ठेवलं.

"सगळं एकदम लावू नगंस, दादा," ती म्हणाली. "त्यातलं बी अर्धं ठिव. आन् न्हाई आलं, तर मातीला नाव ठिवायच्या आधी मला निरोप धाड."